डिझेल की पेट्रोल? आमच्या घरची किलोमीटरची वही

गेल्या श्रावणातली गोष्ट. दिवस मावळण्यापूर्वीचे जेवण आटोपून आम्ही सारे ओसरीवर बसलो होतो. धाकट्या भावाने विषय काढला, की गाडीला तेरावे वर्ष सरत आले आहे, दोन वर्षांनी नोंदणीची पंधरा वर्षेही पुरी होतील, तेव्हा येत्या दिवाळीत नवी घ्यावी. यावर कोणाचीच हरकत नव्हती. सात माणसे बसतील, सामान मावेल, अशी उंच एसयूव्ही हवी, यावरही एकमत झाले. मग तो म्हणाला, "अर्थात डिझेल." आणि पुण्यात सनदी लेखापालाची उमेदवारी करणारा त्याचाच मुलगा लगोलग म्हणाला, "अर्थात पेट्रोल." बापलेकांच्या त्या दोन 'अर्थात'चा निकाल लावण्यात पुढचे अडीच महिने गेले.

आपल्या व्यापारी घरांतून हा प्रश्न सध्या वारंवार उपस्थित होतो. रक्कम पंधरा-वीस लाखांची असते आणि निर्णय मात्र बहुधा एखाद्या सोयऱ्याच्या शब्दावर, नाहीतर शोरूममधल्या चहावर होऊन जातो. पोत्यामागे दोन रुपयांसाठी तासभर घासाघीस करणारे आपण, गाडीच्या बाबतीत इतके उदार का होतो, हे मला उमगलेले नाही. हे मी दुसऱ्यांना नावे ठेवण्यासाठी म्हणत नाही. आमच्या घरीही आजवर असेच चालत आले होते. या खेपेस तसे झाले नाही, याचे कारण आमचे वडील, आप्पा. त्यांनी जे करविले ते आकड्यांसह येथे मांडतो. कोणाच्या उपयोगी पडले तर बरेच.

आमची बार्शीला तूर, हरभरा आणि उडदाची आडत आहे. भावाचा डिझेलचा आग्रह हा हट्ट नव्हता, त्याच्यामागे अनुभव होता. २०१० च्या जूनमध्ये सरकारने पेट्रोलचे दर मोकळे केले, डिझेलचे मात्र ट्रकवाले आणि शेतकरी यांच्याकडे पाहून बांधूनच ठेवले. परिणामी मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेले तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या आत होते. लिटरमागे बत्तीस रुपयांचा फरक! त्या वर्षी देशात विकल्या गेलेल्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक डिझेलवर चालणाऱ्या होत्या. आमची गाडीही त्याच दिवाळीतली. त्या वेळी भाऊ आठवड्यातून दोनदा येडशी-मुरूडमार्गे लातूरच्या मोंढ्यावर जात असे, सोलापूरची फेरी वेगळी. पहिल्या पाच वर्षांत त्याने या गाडीवर एक लाख किलोमीटर काढले. आमच्या पेढीचे आज जे काही आहे, त्यातला बराच भाग त्या फेऱ्यांनी मिळवून दिला, हे मी थोरला असूनही मोकळेपणाने सांगतो.

आणखी एक गोष्ट होती, ती तो बोलला नाही. आम्ही सगळे जाणून होतो. २०१६ च्या पावसाळ्यात एका मध्यरात्री आईच्या छातीत कळ आली. विजा, पाऊस, रस्त्यावर झाडे पडलेली. सत्तर किलोमीटरचे सोलापूर त्याने त्या गाडीने गाठले. आई त्यानंतर सहा वर्षे आमच्यात होती. अशा गाडीविषयी माणसाच्या मनात जे असते ते लिटर आणि रुपयांच्या भाषेत मांडता येत नाही. पुतण्या चौदा वर्षांचा असताना मागच्या आसनावर आजीचे डोके मांडीवर घेऊन बसला होता, त्यामुळे त्यालाही ते ठाऊक होते; म्हणूनच तो वाद घालत असला तरी आवाज चढवीत नव्हता.

आप्पांनी जन्मात गाडी चालविलेली नाही. त्यांनी दोघांचे ऐकून घेतले आणि विचारले, "गाडी महिन्याला किती चालते?"

"दीड-दोन हजार किलोमीटर," भाऊ म्हणाला.

"पाचशेसुद्धा नाही," पुतण्या म्हणाला.

"म्हणजे दोघांनाही माहीत नाही," आप्पा म्हणाले. "उद्यापासून लिहा."

दुकानातली एक कोरी लांबट वही दोरीने गाडीत बांधली गेली. जो कोणी गाडी काढील त्याने निघतानाचा आणि परततानाचा आकडा, ठिकाण आणि बसलेली माणसे लिहायची. १ ऑगस्टपासून धनत्रयोदशीपर्यंत हा नेम चालला. पहिल्या आठवड्यात सर्वांनी कुरकुर केली. नंतर मुलांना त्यात गंमत वाटू लागली. माझी भावजय शाळेच्या फेऱ्या इतक्या नेटकेपणाने लिहीत असे, की दुकानातल्या मुनीमजींनी तिचे पान आम्हाला कित्ता म्हणून दाखवावे.

वहीची खतावणी केली तेव्हा निघाले ते असे. एकूण फेऱ्या ४१२. त्यांपैकी ३८९ गावातल्या गावात, पाच किलोमीटरच्या आत: घर ते आडत, आडत ते मार्केट यार्ड, शाळा, मंदिर, बँक, भाजी. उरलेल्या २३ फेऱ्या तेवढ्या बाहेरगावच्या. वैराग, कुर्डुवाडी, सोलापूर. सगळे मिळून १,९२० किलोमीटर, म्हणजे महिन्याला सव्वासातशेच्या आसपास. फेऱ्यांच्या संख्येने पाहिले तर आमची दणकट, सात आसनी, डिझेलवर चालणारी गाडी शंभरातल्या चौऱ्याण्णव वेळा गावातली रिक्षा म्हणून राबत होती.

भावाने हरकत घेतली आणि ती रास्त होती. "हे चातुर्मासाचे दिवस आहेत. या दिवसांत आपण बाहेर पडतोच किती? लग्नसराई, कुंथलगिरी, श्रवणबेळगोळ, पालिताणा, सगळे पुढे असते. ही वही अर्ध्याच वर्षाचे बोलते." पुतण्याने यावर सर्व्हिसिंगच्या जुन्या पावत्यांची थप्पी काढली. प्रत्येक पावतीवर मीटरचा आकडा असतो, हे आमच्या कोणाच्या ध्यानातच आले नव्हते! एकूण १,७४,००० किलोमीटर. पहिल्या पाच वर्षांत एक लाख, आणि त्यानंतरच्या आठ वर्षांत, यात्रा, लग्ने, दवाखाने सगळे धरून, फक्त ७४ हजार. वर्षाला साडेनऊ हजारदेखील नाही.

पावत्या हातात घेऊन भाऊ बराच वेळ बसला होता. लातूरच्या फेऱ्या केव्हा आटल्या, याचा त्यालाच पत्ता लागला नव्हता. मालाचा नमुना आता फोटोतून येतो, भाव फोनवर ठरतो, पैसे खात्यात जमा होतात. धंदा बदलला, तरी मनात आम्ही अजून आठवड्याला दोनदा लातूरला जात होतो आणि त्याच हिशेबाने गाडी घ्यायला निघालो होतो. जुन्या भावाने नव्या मालाची पट्टी करावी तसे हे होते.

आता हिशेब. आम्ही पाहिलेली गाडी पेट्रोलमध्ये शोरूमला १४ लाख आणि तीच डिझेलमध्ये साडेपंधरा लाख. शिवाय महाराष्ट्रात एकरकमी रस्ताकर दोघींना सारखा नाही. दहा ते वीस लाखांच्या गाडीवर पेट्रोलला १२ टक्के, डिझेलला १४ टक्के (दहा लाखांच्या आत ११ आणि १३, वीस लाखांच्या वर १३ आणि १५). म्हणजे एकीवर १,६८,०००, दुसरीवर २,१७,०००. दोन्ही फरक मिळून गाडी रस्त्यावर येईपर्यंत डिझेलसाठी सुमारे दोन लाख अधिक मोजावे लागतात.

त्या दोन लाखांच्या बदल्यात मिळते काय? पेट्रोल लिटरला १३ किलोमीटर आणि डिझेल १७ धरले, दर दिवाळीच्या सुमाराचे म्हणजे १०४ आणि ९१ घेतले, तर पेट्रोल किलोमीटरमागे ८ रुपये आणि डिझेल ५ रुपये ३५ पैसे पडते. बचत २ रुपये ६५ पैसे. पुतण्याने येथे साधा भागाकार केला: दोन लाख भागिले २.६५, म्हणजे पंचाहत्तर हजार किलोमीटर, म्हणजे आमच्या चालीने सात-आठ वर्षे.

आप्पांनी चष्मा काढला. "आणि व्याज?"

सनदी लेखापाल होऊ घातलेला नातू ओशाळला. दोन लाख रुपये अधिक गुंतवायचे, तर ते फुकट थोडेच आहेत? कर्जाने घेतले तर बँक व्याज घेईल. घरचे घातले तर धंद्यात फिरणारे तेवढे कमी होतील. नऊ टक्क्यांनी वर्षाचे अठरा हजार झाले. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालविल्यास इंधनात वाचतात २६,५००. त्यातून व्याज १८,००० वजा; डिझेलच्या देखभालीचा अधिक खर्च, आमच्या गॅरेजवाल्याच्या अंदाजाने, ४,००० वजा. मुद्दलात जमा होतात ४,५००. हा आकडा वर्षानुवर्षे पुढे ओढला तर, भाव आजचेच राहतील असे धरून, पंधरा वर्षांनी नोंदणी संपेल तेव्हाही त्या दोन लाखांपैकी ६८ हजार आमच्या नावे बाकी!

हाच हिशेब चाल वाढली की पालटतो. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर चालणाऱ्याचे पैसे आठ-नऊ वर्षांत फिटतात. वीस हजारवाल्याचे पाच-सहा वर्षांत. आमचे लातूरचे मेहुणे तुरीची दलाली करतात. उदगीर, निलंगा, बिदर, गुलबर्गा असे त्यांचे महिन्याला तीन हजार किलोमीटर सहज होतात, तेही सलग आणि मोठ्या रस्त्याने. त्यांची दोन लाखांची फेड तीन वर्षांच्या आत होते आणि त्यापुढे निव्वळ बचत. त्यांनी डिझेल घेतली, योग्यच केले. आमच्या भावाचे २०१२ चे गणितही असेच बरोबर होते. तेव्हा तर लिटरमागचा फरक आजच्या दुपटीहून अधिक होता. डिझेलचे दर १९ ऑक्टोबर २०१४ पासून मोकळे झाले आणि तो फरक आक्रसत गेला. जून २०२० मध्ये तर दिल्लीत काही काळ डिझेल पेट्रोलपेक्षा महाग विकले जात होते. ज्या पायावर आपल्या घरांतून डिझेलची ख्याती उभी राहिली, तो पाया अकरा वर्षांपूर्वीच काढून घेतला गेला आहे.

करांबद्दल दोन शब्द आवश्यक आहेत, कारण आपल्या लोकांत याविषयी गैरसमज फार. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील गाडीवर, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १,५०० सीसीपर्यंत असेल तर, जीएसटी १८ टक्के झाला. त्याहून मोठ्या गाड्यांवर सरसकट ४० टक्के. पूर्वी अधिभार धरून तो ४५ ते ५० पर्यंत जाई. म्हणजे जीएसटीच्या बाबतीत डिझेल-पेट्रोल असा भेद मोठ्या गाडीत राहिलेला नाही. "फर्मच्या नावाने बिल करा, जीएसटी परत मिळेल," असे सांगणारे मात्र जागोजागी भेटतात. मिळत नाही. चालकासह तेरा आसनांपर्यंतच्या प्रवासी गाडीवरील कराचे क्रेडिट कायद्याच्या कलम १७(५) ने अडविलेले आहे. गाड्या विकणे, भाड्याने प्रवासी नेणे किंवा चालविणे शिकविणे हाच धंदा असेल तर गोष्ट वेगळी. डिझेल आणि पेट्रोल तर जीएसटीच्या कक्षेतच नाहीत, तेव्हा तेथेही क्रेडिटचा प्रश्न येत नाही. धंद्यासाठी जितका वापर तितका १५ टक्के दराने घसारा आणि कर्जाचे व्याज खर्ची टाकता येते, इतकेच. उलट कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर महाराष्ट्रात रस्ताकर २० टक्क्यांवर जातो. नावाचा निर्णय बुकिंगच्या आधी आपल्या कर-सल्लागाराशी आणि आरटीओशी बोलूनच करावा.

येथवर नुसता पैशांचा विचार झाला. आमचा निर्णय ज्या गोष्टीने खरोखर फिरविला, ती माझ्या व्याह्यांच्या अंगणात घडली. ते पुण्याचे, गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गाळा, बिबवेवाडीत घर. अंतर तीन-साडेतीन किलोमीटर. २०२१ मध्ये त्यांनी हौसेने डिझेल एसयूव्ही घेतली. वर्षभरातच समोरच्या पट्टीवर एक पिवळा दिवा लागू लागला. सर्व्हिस सेंटरने यंत्र लावून काहीतरी साफ केले, बिल घेतले. तीन महिन्यांनी पुन्हा दिवा. असे चार वेळा झाले. इंजिनातले तेल कमी व्हायच्या ऐवजी वाढू लागले, हे पाहून तर ते चक्रावलेच. शेवटी एक भाग बदलावा लागला, त्याची किंमत लाखाच्या वर. "वापर चुकीचा असल्याने वॉरंटीत बसत नाही," असे त्यांना सांगण्यात आले. घर ते गाळा एवढ्या अंतरावर गाडी नेणे हा चुकीचा वापर असेल, हे विकताना मात्र कोणी सांगितले नव्हते.

तो भाग म्हणजे डीपीएफ, काजळी अडविणारी गाळणी. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ निकष लागू झाले. डिझेल गाडीच्या धुरातील सूक्ष्म कणांची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून साडेचारवर आली, नायट्रोजनच्या ऑक्साइडांची २५० वरून ८० वर. (मारुतीने त्याच वेळी डिझेल गाड्या बनविणेच थांबविले.) हे निकष गाठण्यासाठी धुराच्या नळीत ही गाळणी बसवावी लागते. काजळी तिच्यात साठते आणि ठराविक काळाने गाडी स्वतःच जास्तीचे इंधन वापरून ती सहाशे अंशांच्या आसपासच्या उष्णतेने जाळून टाकते. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटे मोठ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने पळावी लागते. तीन किलोमीटरवर इंजिन बंद केले, की जळण्याचे काम अर्धे राहते. काजळी तशीच साठते आणि न जळालेले डिझेल झिरपून इंजिनाच्या तेलात उतरते. व्याह्यांचे तेल वाढत होते ते यामुळे.

काही डिझेल गाड्यांना याखेरीज युरियाचे द्रावण भरावे लागते. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा बंदोबस्त ते करते. आमच्या बाजारातील एका खतवाल्याने हे ऐकून "युरिया तर माझ्याकडे पोत्याने आहे," असे म्हणून सर्वांना हसविले. कोणी खरेच तसे करू नये. ते द्रावण शुद्ध युरियाचे, साडेबत्तीस टक्क्यांचे असते. शेतीच्या युरियाला कडुलिंबाच्या तेलाचा लेप असतो आणि तो त्या यंत्रणेचा सत्यानाश करील.

डिझेलच्या इंजिनाला मात्र दोष देऊ नये. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे यंत्र १८९७ मध्ये यशस्वी ठरले. योगायोगाने त्याच वर्षी कुर्डुवाडीहून आमच्या बार्शीला छोटी रेल्वे आली, अर्थात वाफेवरची. पेट्रोलला ठिणगी लागते. येथे हवाच पंधरा-अठरा पट दाबून इतकी तापवितात, की त्यात फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. त्यामुळे उष्णतेचे काम अधिक होते, शिवाय लिटरभर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के अधिक उष्णता असते. सात माणसे आणि पेट्या भरून घाट चढताना कमी फेऱ्यांवरच जो जोर मिळतो, तो यातूनच. ते लांब पल्ल्याचे, ओझ्याचे जनावर आहे. त्याला घराभोवती घिरट्या घालायला लावले तर ते आजारी पडणारच.

व्याह्यांना त्या काळात एक 'उपाय'ही सुचविला गेला. एका गॅरेजवाल्याने वीस-पंचवीस हजारांत गाळणी काढून, संगणकाला गप्प करून देण्याची तयारी दाखविली. दिवा कायमचा जातो, गाडी हलकी पळते. असे करणारे कमी नाहीत. हे बेकायदा तर आहेच. पण पकडले जाण्याची भीती फारशी नाही हेही खरे, म्हणून तो प्रश्न कायद्यापाशी संपत नाही. जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला. गाळणी काढली की तो धूर पुन्हा पूर्वीइतका बाहेर येतो, आणि तो येतो कोठे? सकाळी गाडी सुरू होते तेव्हा मागे रिक्षाची वाट पाहणारी शाळेची मुले उभी असतात. व्याह्यांनी लाख रुपये भरून नवी गाळणी बसविली आणि आता दर रविवारी पहाटे सातारा रस्त्याने खेड-शिवापूरपर्यंत जाऊन येतात. गाडीला फिरवून आणतो, असे हसत सांगतात. ती फेरी आणि तिचे डिझेल कोणत्या खात्यावर टाकावे, हे मात्र त्यांना अजून ठरविता आलेले नाही.

पेट्रोलच्या पारड्यातही खोट आहे आणि ती सांगितली पाहिजे. आता मिळते ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे उष्णता पेट्रोलपेक्षा एकतृतीयांशाने कमी, त्यामुळे मिश्रणाची सहा-सात टक्क्यांनी घटते. मायलेज थोडे उतरते ते याचमुळे. ज्या उसाच्या ट्रॉलीमागे सोलापूर रस्त्याला अर्धा तास रांगत जावे लागते, त्याच उसाचा अंश आपल्या टाकीत असतो, हा आमच्या जिल्ह्याचा विनोद. हल्लीच्या टर्बो पेट्रोल इंजिनांत जोर डिझेलच्या जवळ जातो हे खरे, पण पाय जड पडला की ती इंधन पितात. जुनी डिझेल एसयूव्ही ग्रामीण भागात अजून चांगल्या भावाने जाते, हीही भावाची बाजू होती आणि तिच्यामुळे आमचे दोन लाख पूर्ण बुडीत धरता येत नाहीत. मात्र हा भाव पुढे टिकेल असे मला वाटत नाही. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली. पेट्रोलला तेथे तेव्हा पंधरा वर्षे होती. मुंबई परिसरात केवळ सीएनजी आणि विजेच्या गाड्या ठेवता येतील का, हे पाहण्यासाठी आपल्या सरकारनेही जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली. वारे कोणत्या दिशेचे आहे ते दिसते. सीएनजीचा विचार आम्ही डिकी अर्धी जाते म्हणून सोडला. हायब्रिड उत्तम, पण आमच्या ठरविलेल्या रकमेत सात आसनी मिळाली नाही.

दसऱ्यानंतरच्या रविवारी चाचणीसाठी पेट्रोल गाडी घरी आली. भावाची अट एकच होती: रिकामी नाही, सात माणसे बसवून, येडशीच्या चढावर. आप्पांसह आम्ही सारे बसलो. चढ लागला तसा त्याने एसी पुरता सोडला, मुद्दाम एका ट्रकमागे वेग मारला आणि मग दाबली. गाडी गेली. फार सहज नाही, पण गेली. वर रामलिंगच्या फाट्यावर त्याने गाडी बाजूला घेतली, थोडा वेळ चक्रावर हात ठेवून बसला आणि म्हणाला, "रात्री-अपरात्री सोलापूरला जाईल ही."

आप्पा मागून म्हणाले, "जाईल."

त्याखेरीज त्या विषयावर कोणी काही बोलले नाही. पाडव्याच्या सकाळी वहीपूजन झाल्यावर पेट्रोलचे बुकिंग केले. कार्तिकी पौर्णिमेनंतर गाडी आली. जुनी गाडी विकलेली नाही. नोंदणी आहे तोवर ती आडतीच्या मागच्या शेडमध्ये राहील आणि दर पंधरा दिवसांनी भाऊ तिला लातूर रस्त्याला नेऊन आणील, असे ठरले. हा खर्च हिशेबात कोठेच बसत नाही. पुतण्यानेही तो विचारला नाही.

वही नव्या गाडीत बांधली आहे. पहिल्या महिन्याच्या अखेरीस भावाने टाकी गच्च भरून, लिटर आणि किलोमीटर दोनदा ताडून, मायलेज काढले. शोरूमवाल्याचे अठरा नाही, आम्ही धरलेले तेराही नाही. त्याने लाल शाईने 'गावात ११.४' असे लिहिले, खाली दोन रेघा मारल्या आणि वही उघडीच आप्पांसमोर ठेवली. आप्पांनी आकडा पाहिला, पान उलटले आणि पुढच्या महिन्याची तारीख घालून वही त्याच्याकडे परत दिली.